छताला विचारणं

४ सप्टेंबर १९९६

ही वही शिउशिउने दिली. शिउशिउ म्हणजे ताईची मुलगी, सातवीत आहे. निघताना म्हणाली, "मामा, चौथीपर्यंतची अक्षरं तुला किती दिवस पुरणार? रोज चार ओळी लिही. नवीन वर्षाला घरी आलास की तपासीन." लाल शाईने तपासणार म्हणे. येत नसेल त्या अक्षराच्या जागी गोल काढायचा असं ठरलंय. या पानावरच सहा गोल झाले.

झाओयुआनला येऊन दीड महिना झाला. सोन्याचं शहर म्हणतात. मी अजून सोनं पाहिलं नाही. दगड पाहिला, चिखल पाहिला, आणि नदी पाहिली. तिचं पाणी राखाडी, तांदूळ धुतल्यासारखं.

८ सप्टेंबर

आज रविवार, पण आमच्या खाणीत वार नसतो. शहरापासून उत्तरेकडे दीड तास चालत, डोंगराच्या कुशीत ही खाण. गावाची मालकी, काम ठेकेदाराचं, माणसं बाहेरची. आमची टोळी सात जणांची. त्यात दाजी सगळ्यात जुने, चौदा वर्षं झाली त्यांना. आडनाव बाइ, वय अडतीस, पण सगळे 'बाइ म्हातारा' म्हणतात. ताईने मला त्यांच्या हवाली केलंय. "कुठे टिकत नाहीस, निदान त्यांच्याजवळ टिक," म्हणाली. वीटभट्टी, शिआनमधल्या हॉटेलात भांडी, कोळशाचा ट्रक, आणखी दोन ठिकाणं, आणि आता हे. माझं नाव ल्यूझू, म्हणजे 'थांबून राहा'. माझ्याआधीची दोन पोरं गेली म्हणून बापाने ठेवलं. बापाचं ऐकून मी जिवंत राहिलो. बाकी थांबायचं जमलं नाही.

१० सप्टेंबर

कामाची सुरुवात कशी होते ते लिहून ठेवतो. रात्रपाळीवाले सुरुंग लावून जातात. सकाळी आम्ही खाणीच्या विहिरीत, दोराला टांगलेल्या पाळण्यातून खाली उतरतो. पण बोगद्याच्या टोकाशी कोणी एकदम जात नाही. आधी छताला विचारायचं. लांब पहार घ्यायची, पक्क्या छताखाली उभं राहायचं आणि पुढच्या दगडावर ठोकायचं. ठण वाजलं की दगड डोंगराला धरून आहे. भद्द वाजलं की सुटलाय, तो पहारीने पाडायचा, मग पुढे. आमच्याकडे आई लोणच्याच्या पाण्याचा रांजण घेताना बोटाने वाजवून बघते तसंच. फरक एवढाच, की रांजण डोक्यावर नसतो.

विचारायचं काम दाजींचं. पण मी आल्यापासून पहार माझ्या हातात देतात. मी ठोकतो. ते शेजारी दगडावर तळवा टेकवून उभे राहतात, डोळे मिटल्यासारखे. मग एकदम टोपीवरच्या दिव्याचा झोत माझ्या तोंडावर मारतात.

"काय म्हणतंय?"

"ठण म्हणतंय."

"नीट बोल. तोंडात वाफवलेला पाव आहे का?"

रोज पन्नास वेळा हीच शाळा. आणि झोत सरळ डोळ्यांत. मास्तरसुद्धा एवढे छळत नव्हते.

१७ सप्टेंबर

काही विशेष नाही. पाठ दुखते.

एरवाशी मैत्री झाली. हा सिचुआनचा, जेवताना शेजारी बसतो, तोंड कधी बंद नसतं. त्याचा चुलतभाऊ दक्षिणेत बुटांच्या कारखान्यात आहे. छपराला पंखे, पोरी शेजारी बसून काम करतात म्हणे. एरवा म्हणतो, "तिकडे बूट करतात, आणि आपण इथे बूट झिजवतो. चल."

मी दाजींना काही सांगितलं नाही.

२२ सप्टेंबर

ताईचं पत्र आलं. दाजींना अक्षर येत नाही, म्हणून मी वाचतो. झोपायच्या खोलीत सगळे असताना म्हणतात, "जोरात वाच." मी वाचलं. "अजून जोरात." आता ताईने लिहिलेलं, की अंगणातल्या अक्रोडाला एकटी टेकून बसते, ते मी सगळ्या टोळीला ओरडून सांगायचं! एरवा तोंड दाबून हसत होता. मी चिडून पत्र दाजींच्या मांडीवर टाकलं. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "माणसाला बायकोची लाज वाटू नये."

लाज नाही वाटत, ते ठीक. पण फोनवर मात्र बोलत नाहीत. महिन्यातून एकदा दुकानातून फोन करतो, तर चोंगा माझ्या हातात. "तूच बोल, मला काय बोलायचंय." ताई पलीकडे रडते. मगरूर माणूस आहे. हाक मारली तरी मान वळवत नाही. विनोद झाला तर सगळ्यांचं हसून झाल्यावर हसतो, जणू आमच्या हसण्यावर उपकार करतोय.

२७ सप्टेंबर, चंद्राचा सण

अर्धी सुट्टी. पाळणा चालवणाऱ्या लुआन काकांनी मला त्यांच्या गावी नेलं. ते इथलेच, सहासष्ट वर्षांचे. घरासमोर मुगाच्या शेवया वाळत घातल्या होत्या, बांबूवर, रांगाच रांगा. लांबून पाहिलं तर पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्या ओळीत उभ्या आहेत असं वाटतं. पलीकडे सफरचंदाची बाग, प्रत्येक फळाला कागदाची पिशवी.

चंद्राची मिठाई खाल्ली. पापुद्रा एवढा कडक, की काका म्हणाले, "जपून, यानेही छत पडेल."

मग डोंगराकडे हात करून सांगत बसले. हजार वर्षांपूर्वी सम्राटाची माणसं इथे खणायला आली. सुरुंग नव्हते. दगडाखाली लाकडं पेटवायची, दगड लाल झाला की गार पाणी ओतायचं, तडकला की उचकटायचा. मग जपानी आले, काटेरी तारा लावल्या, कुत्री सोडली. काकांची आई धुण्याच्या पाटीतून, ओल्या कपड्यांच्या घडीत, सोन्याची पूड बाहेर काढायची. पलीकडच्या खिंडीत आपली माणसं थांबलेली असायची. एकदा कुत्रं पाटीपाशी आलं आणि तिने त्याला साबण चाटवला.

"मग आता वर किती बोगदे असतील, काका?"

"मोजले कोणी? मेलेली माणसं नकाशा काढून जात नाहीत. सोन्याची शीर जिथे जिथे गेली तिथे तिथे माणूस गेला. हा डोंगर आतून जुन्या माणसाच्या दातांसारखा आहे, पोरा. तुमचा बोगदा कुठल्या दाढेखाली आहे ते देवाला ठाऊक. म्हणून तर विचारायचं."

येताना दाजींसाठी मिठाई दिली. दाजींनी ती अर्धी केली आणि मोठा अर्धा मला दिला. मी आभार मानले, तर बघितलंसुद्धा नाही. पाठ वळलेली होती.

५ ऑक्टोबर

बोगद्यात आता जड, पिवळसर, चकाकणारा दगड लागतोय. मुकादम टेंग रोज खाली येतो आणि दगड सुनेच्या बांगडीसारखा निरखतो. "घाई करा," एवढंच म्हणतो. दाजी त्याच्या तोंडाकडे बघून हो म्हणतात. दाजी खूप खोकतात. बोगद्यात सगळेच खोकतात.

मी ठरवलंय. एरवाबरोबर जायचं. किनाऱ्यावरच्या यानताई शहराहून वीस तारखेची गाडी. तिकीट इथल्या बसस्टँडवर मिळतं, खिडकी पाचला बंद होते. आमची पाळी चारला सुटते. शहर दीड तास. म्हणजे तासभर लवकर सुटल्याशिवाय होत नाही. एरवाने आपलं तिकीट आजारी पडून काढलं. मी अजून आजारी पडलेलो नाही.

११ ऑक्टोबर

सगळं लिहितो.

आज मुकादमाला सांगून ठेवलं होतं, तीनला सोड, डोळ्यांचं औषध आणायचंय. तो म्हणाला, रोजचा दगड भरला तर जा.

सकाळी छताला विचारत होतो. डाव्या बाजूला ठण. मध्ये ठण. उजव्या कडेला ठोकलं आणि आवाज ओला आला. अगदी भद्द नाही. ठणही नाही. परत ठोकलं. तसाच. तो पाडायचा म्हणजे फळ्या लावा, पहारी आणा, पडलेला दगड भरून काढा, दोन अडीच तास. मग रोजचा दगड भरणार नाही, आणि तीनला सुटका नाही. मनात आलं, हजार वर्षं लटकलाय, एक दिवस लटकेल. उद्या पहिलं काम तेच करू.

दाजींचा तळवा दगडावर होता. नेहमीपेक्षा जास्त वेळ होता. मग झोत माझ्या तोंडावर.

"काय म्हणतंय?"

"ठणठणीत."

"नक्की?"

"नक्की म्हटलं ना, दाजी."

झोत हलला नाही. मीच मान खाली घातली. मग ते पुढे झाले, ड्रिल सुरू केलं.

साडेदहा झाले असतील, दाजींनी अचानक ड्रिल बंद केलं. म्हणाले, पोटात कळ आली, सगळे वर चला, जेवून घेऊ. साडेदहाला जेवण! एरवा म्हणाला, "बाइ म्हातारा गरोदर आहे काय?" मी तर मनातून पेटलो होतो. माझा तास खाल्ला. दाजींनी प्रत्येकाच्या खांद्याला धरून पाळण्याकडे ढकललं. स्वतः शेवटच्या फेरीत आले.

वर कोबी आणि पाव घेऊन बसलो. पोटात कळ असलेल्या माणसाने दोन पाव खाल्ले. तेवढ्यात बाकाला खालून कोणी लाथ मारावी तसं झालं. लुआन काकांच्या पेल्यातला चहा हलला. काका उठले आणि विहिरीच्या तोंडाशी कान लावून उभे राहिले.

खाली जाऊन पाहिलं, उजव्या बाजूचा दगड पडला होता. दोन माणसांच्या खाटेएवढा. वर काळं भोक, आत कोण जाणे किती जुना बोगदा, त्यातून ओली, गार, बंद पेटीसारखी हवा येत होती. ड्रिल दगडाखाली गेलं. एरवा जिथे उभा राहून दगड भरतो तिथे आता उभं राहायला जागा नाही.

दुपारी काम बंद. सगळे मोकळे. मी शहरात गेलो. तिकीट मिळालं.

१२ ऑक्टोबर

मुकादमाने सगळ्यांना उभं केलं. "छताला कोणी विचारलं होतं?"

माझ्या तोंडात जीभ होती. ती हलली नाही.

दाजी म्हणाले, "मी. माझंच चुकलं."

"चौदा वर्षं झाली आणि एवढा दगड कळत नाही?"

"नाही कळला."

आणि दाजी वळून पहारी गोळा करायला लागले. मुकादम मागून ओरडला, "ए बाइ! बहिरा झालास काय रे?" दाजी वाकले, एक पहार उचलली, दुसरी उचलली. मुकादमाने परत तेच म्हटलं, हळू आवाजात. मग आणखी हळू. दाजी आपले पहारी मोजत होते.

मुकादम म्हणाला, "पंधरा तारखेला मी स्वतः खाली येतो. माझ्यासमोर विचारून दाखवायचं. नाही जमलं तर गाठोडं बांधायचं. बहिऱ्या माणसाच्या भरवशावर सहा जीव ठेवणार नाही मी."

तो चुकीचं बोलला नाही, तीच पंचाईत आहे.

१३ ऑक्टोबर

लुआन काकांकडे गेलो. विचारायच्या आधीच ते म्हणाले, "दोन वर्षं झाली. पाळण्याची घंटा मी वाजवतो. एक ठोका थांब, दोन खाली, तीन वर. तुझा दाजी घंटा ऐकत नाही, दोराकडे बघतो. दोर ताणला की त्याला कळतं."

"तुम्ही कोणाला सांगितलं नाही?"

"गेल्या वर्षी दगड पडायच्या आधी त्याने तीन माणसं मागे पाठवली होती. तळव्याने कळतं त्याला. पण तळवा म्हातारा होतो रे, ड्रिलने सुन्न होतो. म्हणून तर तुला आणलंन. मला म्हणाला होता, बायकोचा भाऊ आणतो, त्याचे कान उंदरासारखे आहेत."

पन्नास वेळा काय म्हणतंय, काय म्हणतंय. झोत माझ्या तोंडावर, ओठांवर. जोरात वाच. तूच बोल. मी हे सगळं याच वहीत लिहिलंय, माझ्याच हाताने, आणि वाचलं नाही.

घरी का जात नाहीत, विचारलं. काका म्हणाले, "पोरीला मास्तरीण करायचंय त्याला. अजून पाच वर्षं. आणि दुसरं काम बहिऱ्याला कोण देतो?"

ही वही आता शिउशिउला दाखवता येणार नाही. तिच्यासाठी दुसरी घेईन. त्यात लिहीन, आज हवा चांगली होती.

१५ ऑक्टोबर

मुकादम खाली आला. दाजींना म्हणाला, "हात मागे बांध. दगडाला लावायचा नाही. तोंड भिंतीकडे." पहार त्याने स्वतः घेतली. आम्ही सगळे मागे, अर्धगोलात.

मी दाजींच्या बरोबर मागे उभा राहिलो. सकाळी त्यांना फक्त एवढं म्हटलं होतं, समोर तोंड करून, सावकाश: "माझ्या दिव्याकडे लक्ष ठेवा. खाली गेला तर सुटलाय." त्यांनी टोपी घातली.

माझ्या टोपीवरच्या दिव्याचा गोल त्यांच्या समोरच्या भिंतीवर पडला होता, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत. मुकादमाने ठोकलं. ठण. ठोका बसल्याचं त्यांना तळपायाला कळतंच; मी मान स्थिर ठेवली. "पक्का," दाजी म्हणाले. परत. "पक्का." मग मुकादम दोन पावलं सरकला, जुन्या भोकाच्या कडेला. भद्द. मी मान किंचित खाली घातली, माणूस थकून घालतो तशी. गोल वीतभर उतरला.

"सुटलाय," दाजी म्हणाले.

तेरा वेळा. बाराव्याला आवाज मलाच नीट कळला नाही. घाम मानेवरून आत उतरत होता. आणि या वेळी मी खोटं बोललो नाही. मान डावी उजवी हलवली. गोल भिंतीवर फिरला. दाजी थांबले, म्हणाले, "हा परत वाजव." मुकादमाने परत वाजवला. भद्द होता.

मुकादमाने पहार माझ्या अंगावर टाकली. "त्या दिवशी मग काय झोपला होतास, बाइ?" दाजींना ते दिसलं नाही, पाठ होती. एरवाच मधे म्हणाला, "गरोदर होता, साहेब." सगळे हसले. दाजींनी वळून आमची तोंडं पाहिली आणि मग हसले.

आपण हे बरोबर केलं का, ते मला कळत नाही. सहा जीव आहेत.

१६ ऑक्टोबर

पाळी सुटल्यावर दाजींबरोबर बागेकडून चालत गेलो. सफरचंदांच्या पिशव्या काढल्या आहेत, फळं फिकट, आजाऱ्यासारखी. ऊन लागलं की आठवड्यात लाल होतील. मी त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो, उलटं चालत बोललो.

"दाजी, अकरा तारखेला मी खोटं बोललो. आवाज ओला होता. मला तिकीट काढायचं होतं."

"माहीत आहे."

"कसं?"

तळवा दाखवला. कातडं दगडासारखंच. "हाताला कळलं होतं. सुटलाय असं वाटलं. पण मनात म्हटलं, हात म्हातारा झाला, पोराचे कान चांगले आहेत. तुझ्यावर विश्वास ठेवला. मग तासभर ड्रिल मारलं, आणि तो तास माझ्या आयुष्यातला—" खोकला आला, वाक्य राहिलं.

"म्हणून पोटात कळ आली?"

"तुला सगळ्यांसमोर खोटा कसा पाडू? आणि दगड खरंच पक्का असता तर? मग मी खोटा पडलो असतो. जेवायला कोण नाही म्हणतो."

बाग संपली. मग ते म्हणाले, "वीस तारखेला किती वाजता आहे गाडी?" एरवाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मी सांगितलं. ते म्हणाले, "थंडीचे कपडे तिकडे लागत नाहीत. कोट ठेवून जा, मी वापरीन." आणि पुढे निघून गेले, म्हणजे मी काय म्हणतो ते त्यांना दिसू नये.

१८ ऑक्टोबर

कामावर अजूनही मीच ठोकतो. भद्द आला की भद्द म्हणतो. काल साडेतीन तास पाडापाडीत गेले. मुकादम शिव्या देतो. झोप येत नाही आणि उठवत नाही, दोन्ही एकदम.

२० ऑक्टोबर

एरवा गेला. पिशवी खांद्यावर, नवीन मोजे. म्हणाला, "तिकीट हातात असून न जाणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. बापाने नाव बरोबर ठेवलं तुझं." मग जरा थांबून म्हणाला, "तेव्हा दिवा हलवत होतास ते मी बघितलं होतं. सगळ्यांनीच बघितलं. आम्ही काय आंधळे आहोत?" आणि बसमध्ये चढला.

तिकीट वहीत घालून ठेवलंय, खूण म्हणून.

३ नोव्हेंबर

पहिलं दव गोठलं. सफरचंदं उतरवून झाली. नदी तशीच राखाडी.

फोनचा दिवस. दुकानात गर्दी नव्हती. दाजींनी नेहमीसारखा चोंगा माझ्याकडे केला आणि बाहेर निघाले. मी त्यांच्या बाहीला धरलं, स्टुलावर बसवलं, आणि समोर उभा राहिलो. ताई जे बोलली ते एकेक शब्द ओठांनी, आवाज न काढता, त्यांना दिलं. अक्रोड झोडपले. शिउशिउ गणितात दुसरी आली. घरच्या म्हातारीचा गुडघा बरा आहे. दाजी बघत होते आणि उत्तर देत होते, दुकानभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. पलीकडे ताई आधी गप्प झाली, मग म्हणाली, "ते आहेत? ते बोलतायत?" आणि रडायला लागली. ते मी ओठांनी सांगितलं नाही. त्यांना दिसलंच असेल.

मग ताई म्हणाली, "ल्यूझू, तू? तू कधी निघतोयस तिथून? तू काय टिकणारा माणूस!"

हेही ओठांनी दिलं, सवयीने. देऊन झाल्यावर लक्षात आलं. दाजी स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते, छताखाली बघतात तसे. तळवा गुडघ्यावर उताणा होता.

"राहतोय," मी म्हटलं. सावकाश, ओठ नीट हलवून.